घिसू-माधव आळशी का होते? ‘कफन’च्या वाचकांचा नव्वद वर्षांचा हिशेब

गेल्या महिन्यात आमच्या रविवारच्या अभ्यासवर्गात प्रेमचंदांची ‘कफन’ मोठ्याने वाचली. वाचणारा मुलगा हिंदीत एम. ए. करतो, आवाज चांगला आहे, नकलाही उत्तम करतो. बाप-लेक शेकोटीतले बटाटे फुंकर न मारताच गिळतात, जीभ भाजते, डोळ्यांत पाणी येते, तरी एकमेकांच्या आधी उरकायची घाई सुटत नाही, या जागेवर पोरे खो-खो हसली. आम्हीही हसलो. खोटे कशाला बोला? मग मागे बसलेल्या एका मावशींनी विचारले, “बाई आत अडलीय, आन वस्तीतली एक बी बाई आली न्हाई व्हय रं?”

हसणे तिथेच थांबले. त्या प्रश्नाचे उत्तर शोधता शोधता हा लेख झाला.

ज्यांनी कथा वाचलेली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. घिसू हा साठीचा बाप, माधव त्याचा मुलगा. जात चमार. कथा ती सुरुवातीलाच नाव घेऊन सांगते आणि सगळ्या गावात हे कुटुंब बदनाम आहे असेही सांगते. बाप एक दिवस काम करून तीन दिवस आराम करतो, मुलगा अर्धा तास काम करून तासभर चिलीम ओढतो. माधवची बायको बुधिया हिने दळण-कांडण करून, गवत कापून या दोघांचे पोट भरलेले. हिवाळ्याच्या रात्री ती बाळंतपणाच्या कळांनी झोपडीत तडफडते आहे आणि हे दोघे दाराशी दुसऱ्याच्या शेतातून उपटून आणलेले बटाटे भाजत बसले आहेत. आत कोणी जात नाही. का, तर आपण आत गेलो की दुसरा जास्त बटाटे खाईल! सकाळी बुधिया मेलेली सापडते. जमीनदाराकडून दोन रुपये, बाकी गावाकडून मिळून पाच रुपये गोळा होतात. दोघे कफन आणायला बाजारात जातात आणि संध्याकाळी दारूच्या गुत्त्यात पोचतात. पुऱ्या खातात, पितात, कफन तरी शेवटी जळूनच जायचे अशी स्वतःची समजूत घालतात, गातात, नाचतात आणि कोसळतात.

‘कफन’ला विनोदी कथा म्हटले की प्राध्यापक मंडळी नाराज होतात. ती शोकांतिका आहे, करुण आहे, भारतीय कथेतली आधुनिकतेची सुरुवात आहे असे ते सांगतात. असेलही. पण कथेची बांधणी विनोदाची आहे. खादाड माणूस, कामचुकार माणूस, एकमेकांवर डोळा ठेवणारे दोन भामटे, मेलेल्याच्या नावावर मेजवानी ही जगभरच्या फार्सची जुनी सामग्री आहे. प्रेमचंदांनी ती मरणाच्या दाराशी आणून ठेवली, म्हणून हसताना घशात अडकते. ज्याला काळा विनोद म्हणतात तो हाच. आणि विनोद म्हटला की पहिला प्रश्न येतो, हसतो कोण आणि हसू कुणावर?

कथा उर्दूत डिसेंबर १९३५ मध्ये ‘जामिया’ मासिकात आली आणि हिंदीत एप्रिल १९३६ मध्ये ‘चाँद’मध्ये. त्याच एप्रिलमध्ये लखनौला प्रगतिशील लेखक संघाचे पहिले अधिवेशन भरले आणि अध्यक्षपदावरून प्रेमचंदांनी साहित्यातल्या सौंदर्याची कसोटी बदलली पाहिजे असे सांगितले. ऑक्टोबरात ते वारले. त्यामुळे ‘कफन’ ही त्यांची जवळजवळ शेवटची, सगळ्यात पक्व कथा म्हणून वाचली गेली आणि वाचणारी पहिली मोठी पिढी प्रगतिशील चळवळीतली होती. त्यांचे मत ठरून गेले: ही माणसे आळशी नाहीत, शोषणाने त्यांच्यातले माणूसपण मारून टाकले आहे. काहींनी पुढे जाऊन म्हटले की, घिसू हा एक प्रकारचा बंडखोर आहे, दुसऱ्यासाठी राबायला तो नकार देतो. मृणाल सेन यांनी १९७७ मध्ये याच कथेवर तेलुगूत ‘ओका ऊरी कथा’ हा चित्रपट काढला, त्यातला बाप जवळपास याच वाटेने जातो.

या मताला कथेत आधार आहे, हे आम्ही मान्य करतो. मध्येच निवेदक थांबतो आणि सांगतो की, रात्रंदिवस राबणाऱ्या शेतकऱ्यांची अवस्था जिथे यांच्याहून फारशी बरी नाही आणि त्यांच्या दुबळेपणाचा फायदा उठवणारे मजेत आहेत, तिथे अशी वृत्ती तयार झाली तर नवल नाही. घिसू त्या शेतकऱ्यांपेक्षा जास्त विचारी होता असेही तो म्हणतो, अर्थात तिरकसपणे.

आमची अडचण इथेच सुरू होते. कारण सांगताना निवेदक शेतकरी-मजुराचे कारण सांगतो, पण माणूस उभा करताना जात सांगतो. कारण जर फक्त गरिबीचे असेल, तर हे कुटुंब कुणाचेही चालले असते. कुर्मी चालला असता, कोइरी चालला असता, कर्जात बुडालेला गरीब ब्राह्मणही चालला असता. मग पहिल्याच पानावर चमार का? आणि जात सांगितलीच, तर त्या जातीला गावात कोणते काम करावे लागे, त्याचा मोबदला काय मिळे, नाही म्हटले तर काय होई, यातले एक अक्षर कथेत का नाही? मेलेले ढोर ओढणे नाही, बेगार नाही, वस्ती गावाबाहेर असणे नाही. प्रेमचंदांना हे माहीत नव्हते असे नाही. ‘सद्गति’त बेगारीचे लाकूड फोडता फोडता पंडिताच्या दारात मरणारा दुखी चमार त्यांनीच लिहिला आहे, ‘ठाकूर का कुआँ’ त्यांनीच लिहिली आहे. ‘कफन’मध्ये मात्र जातीचे नाव आहे आणि जातीचे काम गायब आहे. उरला तो फक्त आळस. म्हणून वाचक हसतो.

आता तारखा शेजारी ठेवा. ऑक्टोबर १९३५ मध्ये येवल्याला बाबासाहेबांनी धर्मांतराची घोषणा केली, दोन महिन्यांनी ‘कफन’ उर्दूत आली. एप्रिल १९३६ मध्ये ती हिंदीत छापून येत होती, तेव्हा लाहोरच्या जातपात तोडक मंडळाशी बाबासाहेबांचा त्यांच्या अध्यक्षीय भाषणावरून पत्रव्यवहार चालू होता. मंडळाला भाषण पचले नाही, परिषद रद्द झाली आणि मे १९३६ मध्ये बाबासाहेबांनी ते स्वतः छापले. तेच ‘अ‍ॅनिहिलेशन ऑफ कास्ट’.

त्यात एक भाग आपण सगळे पाठ म्हणतो: जात ही श्रमांची विभागणी नाही, श्रमिकांची विभागणी आहे. पण त्याच्या पुढचा मुद्दा आपण फारसा बोलत नाही. बाबासाहेब तिथे म्हणतात की, जो धंदा माणसाने निवडलेला नाही, जन्माने गळ्यात पडला आहे आणि ज्याच्यामुळे समाज त्याला हीन समजतो, त्या धंद्याबद्दल त्याच्या मनात तिटकारा आणि तो टाळण्याची इच्छाच निर्माण होणार. ज्या कामात माणसाचे मन नाही आणि बुद्धीही नाही, ते काम चांगले होईलच कसे? म्हणजे ‘अमुक जात कामचुकार आहे’ हे जे गावातले मत असते, त्याचे कारण बाबासाहेबांनी त्या लोकांच्या स्वभावात शोधले नाही, कामाच्या सक्तीत शोधले.

कथा एप्रिलची, पुस्तक मेचे. एका महिन्याच्या अंतराने दोन मोठी माणसे एकाच गोष्टीकडे पाहत होती, काम टाळणाऱ्या अस्पृश्याकडे. एकाने त्याची गोष्ट सांगितली आणि कारण अर्धे सांगितले. दुसऱ्याने पूर्ण कारण सांगितले. नव्वद वर्षे वर्गात गोष्ट शिकवली गेली. कारण शिकवायला कोणाला वेळ झाला नाही.

आणि आपल्या माणसांनी काम नाकारलेच नव्हते असे कुठे आहे? नाकारले होते, पण शेकोटीशी बसून नाही. १९२७ च्या मार्चमध्ये महाडला बाबासाहेबांनी मृत जनावराचे मांस खाणे सोडा असे सांगितले आणि पुढे गावोगाव महारांनी मेलेली ढोरे ओढणेही थांबवले, तेव्हा वाणसामान बंद, दळण बंद, रस्ता बंद असे बहिष्कार सोसून ते थांबवले. १९२८ मध्ये मुंबईच्या कायदेमंडळात बाबासाहेबांनी महार वतनाचे बिल मांडले. वतनाचा महार म्हणजे दिवसा-रात्री कधीही हाक आली की हजर. तो घरी नसेल तर त्याच्या जागी बाप, नाहीतर घरातला दुसरा कुणी. मोबदला म्हणजे बलुत्याची मूठ आणि दारोदारची भाकर. या राबणुकीला मान म्हणत होते! उत्तरेतही हेच चालू होते. स्वामी अछूतानंदांनी कानपूरहून आदि-हिंदू चळवळ उभी केली होती, संयुक्त प्रांतातल्या चमार सभा बेगार बंद करण्याचे आणि मेलेली जनावरे न उचलण्याचे ठराव करत होत्या. आणखी एक गोष्ट लक्षात ठेवा, त्या प्रांतातले बहुसंख्य चमार चामड्यावर जगत नव्हते, शेतीवर जगत होते. कुणी कूळ होता, कुणी शेतमजूर. राबणारा समाज होता तो. कानपूरच्या चामड्याच्या कारखान्यांत राबत होता, रानात राबत होता.

गावमालकाकडे नकार देणाऱ्यासाठी दोनच शब्द असतात. एकट्याने नकार दिला तर तो आळशी, आणि सगळ्यांनी मिळून दिला तर ते माजलेले. घिसू-माधव पहिल्या शब्दात बसवले गेले, म्हणून ते सगळ्यांना आवडतात, परीक्षेला येतात, रंगमंचावर टाळ्या घेतात. दुसऱ्या शब्दातल्या माणसांची विनोदी कथा होत नाही. त्यांच्यावर खटले होतात, त्यांच्या वस्त्या जळतात.

आता मावशींच्या प्रश्नाकडे येतो.

उत्तर भारतातल्या गावांत बाळंतपण करणारी दाई कोण होती? बहुतेक ठिकाणी चमार बाईच. ठाकुराच्या घरातले असो की ब्राह्मणाच्या, मूल जन्मले की नाळ कापायला तिलाच बोलावत. नाळ कापणे हे अपवित्र काम, म्हणून ते तिच्या वाट्याला. पुढे स्वातंत्र्यानंतर उत्तर प्रदेशात ‘नारा-मवेशी’ आंदोलन झाले. नारा म्हणजे नाळ आणि मवेशी म्हणजे गुरे. आम्ही तुमच्या बायकांची नाळ कापणार नाही, तुमची मेलेली गुरे उचलणार नाही, असा तो लढा होता आणि त्यासाठी लोकांनी मार खाल्ला.

म्हणजे सगळ्या गावाची पोरे ज्या वस्तीतल्या बायकांच्या हातांवर जन्मली, त्याच वस्तीत एक बाई रात्रभर ओरडत मेली आणि एकही शेजारीण उठली नाही! कथेतच पाहा, सकाळी बाप-लेकांचा आक्रोश ऐकून शेजारी धावत येतात, समजूत घालतात. रात्री हेच शेजारी कुठे होते? बुधियाच्या किंकाळ्या त्यांना ऐकू आल्या नाहीत? हा प्रेमचंदांचा खोटेपणा आहे असे आम्ही म्हणणार नाही. कथेला ती रात्र रिकामी हवी होती, म्हणून लेखकाने वस्तीतल्या बायका काढून टाकल्या. पण काढून टाकल्या हे खरे आहे. आमच्या वस्तीतले बाळंतपण ज्याने पाहिले आहे त्याला ते पहिल्या वाचनात खटकते. ज्याने पाहिले नाही त्याला नव्वद वर्षांत खटकलेले नाही.

दलित वाचकांनी यावर बोलायला सुरुवात केली ती हिंदीत फार उशिरा. ओमप्रकाश वाल्मीकि यांनी ‘कफन’वर सरळ आक्षेप घेतला, ही दलितांची प्रतिमा बाहेरून काढलेली आहे असे म्हटले. वाल्मीकि उत्तर प्रदेशातल्या मुजफ्फरनगर जिल्ह्यातले. नोकरीच्या निमित्ताने ते अंबरनाथला आणि चंद्रपूरला राहिले, मराठी दलित साहित्याशी त्यांची ओळख इथेच झाली. म्हणून त्यांच्या मताला आम्ही घरचे मत समजतो. डॉ. धर्मवीर यांनी तर ‘प्रेमचंद: सामंत का मुंशी’ लिहून असा तर्क मांडला की, बुधियाच्या पोटातले मूल जमीनदाराचे असणार आणि म्हणूनच बाप-लेक आत जात नाहीत. आम्हाला हा तर्क अजिबात पटत नाही. कथेत त्याला काही आधार नाही, आणि घिसू-माधवची अब्रू वाचवण्यासाठी मेलेल्या बुधियाची अब्रू घेण्याचा तो प्रकार आहे. दलित लेखिकांनी तेव्हा धर्मवीरांना जो कडाडून विरोध केला तो योग्यच होता. पुरुषांच्या या सगळ्या वादात, प्रगतिशील काय किंवा दलित काय, बुधियाबद्दल दोन ओळीसुद्धा बोलल्या गेल्या नव्हत्या. राबणारी एकटी तीच होती, आणि विनोदात तिला जागा नाही.

“विनोद विनोदासारखा घ्या, तुम्ही लोक फार हळवे” असे आपल्याला सांगितले जाते. सांगणाऱ्यांनी प्रेमचंदांच्याच आयुष्यातला एक प्रसंग आठवावा. प्रेमचंदांनी मोटेराम शास्त्री नावाचा एक खादाड, ढोंगी ब्राह्मण पंडित रंगवला आहे. ‘निमंत्रण’मध्ये तो जास्त जेवण मिळावे म्हणून बायकोलाही पुरुषाचा वेश देऊन पंक्तीला बसवायला नेतो, ‘सत्याग्रह’मध्ये उपोषणाला बसून मिठाईपुढे हार खातो. या कथा खरोखर हसवणाऱ्या आहेत. जानेवारी १९२८ मध्ये मोटेरामांची एक कथा ‘माधुरी’त आली आणि लखनौच्या एका वैद्यशास्त्र्यांनी हा आपल्यावरच घाव आहे म्हणून बदनामीचा खटला भरला. खटला टिकला नाही. पण पुढेही प्रेमचंदांवर ब्राह्मणद्वेष पसरवतात असा आरोप होत राहिला, इतका की जीवनात घृणेला जागा काय असते यावर त्यांना लेख लिहावा लागला. तेव्हा त्या वाचकांना कोणी हळवे म्हटले नाही.

आणि ३१ जुलै २००४ ला, प्रेमचंदांच्या जयंतीदिवशी, दिल्लीत भारतीय दलित साहित्य अकादमीने ‘रंगभूमी’ची प्रत जाळली, तेव्हा मात्र देशभर साहित्यिकांना धक्का बसला. आक्षेप होता अभ्यासक्रमातल्या त्या कादंबरीत नायक सूरदासच्या जातीचा वारंवार येणारा उल्लेख. जाळणे आम्हाला मान्य नाही, हे स्पष्ट लिहितो. २५ डिसेंबर १९२७ ला महाडला जळाली ती मनुस्मृती होती, माणसांच्या पाठीवर चालणारा कायदा होता. कादंबरीला त्याच काडीने पेटवू नये. पण जाळणाऱ्यांचे म्हणणे कोणी ऐकले का? वर्गात मास्तर तो शब्द मोठ्याने वाचतात, चाळीस माना एका बाकाकडे वळतात, आणि त्या बाकावरचा मुलगा पुस्तकात तोंड घालून बसतो. ‘मोटेराम’ वाचताना कुठल्याही वर्गात कुठलीही मान वळत नाही. दोन्ही विनोदांचे वजन सारखे नाही ते यामुळे.

‘कफन’ अभ्यासक्रमातून काढा अशी आमची मागणी नाही. आम्ही ती पुन्हा वाचणार आहोत, यावेळी ‘जूठन’च्या शेजारी ठेवून.

कारण ‘कफन’मध्ये बटाटे खाताना घिसूला वीस वर्षांपूर्वीचे एका ठाकुराच्या लग्नाचे जेवण आठवते. अस्सल तुपाच्या पुऱ्या, चटणी, रायते, भाज्या, दही, मिठाई, मागाल तेवढे. वाढणारे नको म्हणताना गरम कचोऱ्या पानात टाकत होते, शेवटी विडाही मिळाला. माधव मनातल्या मनात चव घेत ऐकतो. वाचकांना हा प्रसंग फार प्रिय आहे, भुकेचे असे वर्णन हिंदीत दुसरे नाही असे म्हणतात.

वाल्मीकिंनी १९९७ मध्ये ‘जूठन’मध्ये लग्नाचे जेवण लिहिले, ते त्यांनी स्वतः पाहिलेले. सुखदेवसिंह त्यागीच्या मुलीचे लग्न. त्याआधी कितीतरी दिवस आई-बाप त्या घरी राबलेले. वरात जेवत होती आणि त्यांच्या जातीची माणसे टोपल्या घेऊन दाराबाहेर उष्ट्या पत्रावळींची वाट पाहत बसलेली. पाहुणे उठल्यावर आईने सुखदेवसिंहाला विनवले, चौधरी, लेकरांना पानावर काही वाढा, त्यांनीही या दिवसाची वाट पाहिली आहे. त्याने उष्ट्याने भरलेल्या टोपलीकडे बोट दाखवले आणि तिला तिच्या जागेवर राहायला सांगितले.

आईने ती टोपली तिथेच उपडी केली. मुलांचे हात धरले आणि निघाली. त्या दारात ती पुन्हा कधी गेली नाही.